किडनी कॅन्सरची स्ट्रेस जीन प्लेट वर्षभर वापरली: मोजमाप चोख, डब्यावरचा शब्द जास्तीचा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू ज्या डब्याचा आहे, म्हणजे गाठीतले स्ट्रेस जीन्स मोजायच्या लॅबमधल्या प्लेटचा, त्याचं नाव इथे येणार नाही. असल्या प्लेट्स बऱ्याच कंपन्या बनवतात, थोडं डावं-उजवं सोडलं तर माल सारखाच, आणि माझं भांडण कंपनीशी नाहीचे, डब्यावर ठळक छापलेल्या एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'बायोमार्कर', म्हणजे रोगाबद्दल काही सांगणारी, मोजता येणारी खूण. झाकणावर मोठ्या अक्षरात किडनी कॅन्सर, स्ट्रेस, बायोमार्कर, आणि बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात "फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही". म्हणजे वर आशा लावायची आणि खाली हात झटकून मोकळं व्हायचं. वर्षभर ही प्लेट वापरलीय, काय चांगलं काय वाईट ते लिहितेय, लांबलंय जरा, पण ज्यांना घ्यायचीय त्यांनी पूर्ण वाचा, निदान सॅम्पलच्या वेळेचा भाग तरी वाचाच.

ज्यांना हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशीवर संकट आलं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, आत तयार होणाऱ्या प्रोटीनच्या घड्या नीट पडेनाशा झाल्या, डीएनएला इजा झाली, उष्णता वाढली, किंवा ऑक्सिजनचेच आगाऊ रेणू वाढून आतून गंजल्यासारखं व्हायला लागलं, की पेशी काही ठरावीक जीन्स चालू करते. हे स्ट्रेस जीन्स. कॅन्सरची पेशी कायमच ओढाताणीत जगत असते, भराभर वाढते, रक्तपुरवठा पुरत नाही, त्यामुळे तिच्यात हे जीन्स चढलेले दिसतात, आणि मग कोणालाही वाटणारच की यावरून गाठ किती वाईट वळणाची आहे ते सांगता येईल का. किडनीत तर हा मोह जास्तच, कारण किडनीचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, क्लिअर सेल, शंभरातल्या साधारण ७५ गाठी याच, तो मुळात ऑक्सिजनची कमतरता ओळखणारी यंत्रणा बिघडूनच सुरू होतो. त्यावर पुढे येतेच.

प्लेट अशी आहे. ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, त्यातल्या ८८ मध्ये एकेका स्ट्रेस जीनचे प्रायमर (तोच जीन हुडकणारे डीएनएचे छोटे तुकडे) आधीच वाळवून ठेवलेले, ५ तुलनेसाठीचे रेफरन्स जीन्स आणि ३ कंट्रोल, काम नीट झालं का ते तपासायला. आपण गाठीतून आरएनए (चालू जीनची नक्कल, जिच्यावरून प्रोटीन बनतो) काढायचा, त्याचा सीडीएनए करायचा, म्हणजे तो डीएनएच्या रूपात उतरवायचा, मिक्स बनवून सगळ्या वेलमध्ये सारखा वाटायचा, वर सील लावायचं आणि रिअल टाइम पीसीआर मशीनमध्ये ढकलायचं, दोनेक तासात ८८ सीटी व्हॅल्यू हातात. कोविडमुळे सीटी व्हॅल्यू हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय तेव्हा जास्त सांगत नाही, कितव्या सायकलला माल दिसला तो हा आकडा, आकडा लहान तितका माल जास्त, आणि एका सायकलचा फरक म्हणजे दुपटीचा फरक.

चांगलं आधी सांगते. प्रायमर एक नंबर आहेत. मेल्ट कर्व्हला (वेलमध्ये एकच माल बनला का ते दाखवणारा आलेख) प्रत्येक वेलमध्ये एकच सरळ टोक येतं, इकडेतिकडे कचरा नाही, आणि एकच सॅम्पल आठवड्याच्या अंतराने दोन प्लेट्सवर लावलं तर आकडे जवळपास एकावर एक बसले. आमच्याकडे याआधी एकेका जीनचे प्रायमर मागवायचे, ते जुळवायचे, तापमान बदलत बसायचं, यात महिने गेलेत, काही तर आजही डब्यात तसेच पडलेत. तो सगळा वनवास या प्लेटने संपवला हे मान्यच करायला पाहिजे. डीएनएची भेसळ पकडणारी वेलसुद्धा नुसती शोभेची नाही, एकदा आमच्या ज्युनिअरने डीएनेज (नको असलेला डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम) टाकायची पायरी घाईत सोडली होती, बाकी सगळं छान दिसत होतं, पण त्या एका वेलने चुगली केली आणि आम्ही तो बॅच टाकून दिला. नाहीतर तो डेटा आज कुठल्या तरी स्लाइडवर मिरवत असता.

सीलबद्दल एक. रोलर वापरा. नुसत्या बोटाने दाबू नका. मी पहिल्या प्लेटला बोटाने दाबलं, कडेच्या वेलमधलं पाणी उडालं, आणि नेमके हीट शॉकचे काही जीन्स कडेच्या रांगेत बसवलेत, मला वाटलं वा काय बदल दिसतोय, तो बदल नव्हता, वाफ होती. ही माझी चूक, कंपनीची नाही, पण माहितीपत्रकात ही गोष्ट शेवटून दुसऱ्या पानावर लिहायची असते का, सांगा तुम्हीच.

आता तक्रारी. पहिली रेफरन्स जीन्सची. कुठलाही जीन वाढला का कमी झाला हे ठरवायला एक न हलणारा जीन लागतो, ज्याच्याशी तुलना करायची. प्लेटवर जे पाच दिलेत त्यात जीएपीडीएच आहे आणि कंपनीची एक्सेल शीट आपण काही न बदलता उघडली तर तोच धरते. जीएपीडीएच म्हणजे साखर फोडणाऱ्या साखळीतलं एन्झाइम, आणि क्लिअर सेल गाठीत हीच साखळी जोरात चालते, एचआयएफ नावाचा प्रोटीन जीएपीडीएचला सुद्धा वर ढकलतो. म्हणजे मोजपट्टीच रबराची. आमच्या सॅम्पलमध्ये शेजारच्या नॉर्मल भागापेक्षा गाठीत तो दीड-दोन सायकल आधी वर येत होता, आरएनए तेवढाच घेऊनसुद्धा. त्याच्याशी तुलना केली की बाकी सगळे जीन्स आहेत त्यापेक्षा तिप्पट-चौपट कमी दिसायला लागतात आणि जे खरंच वाढलेत ते गप बसलेले वाटतात. दुसरा दिलाय बी२एम, तो रोगप्रतिकारक पेशी गाठीत किती शिरल्यात त्यावर हलतो, आणि किडनीच्या गाठीत त्या भरपूर शिरतात. शेवटी आम्ही पीपीआयए आणि टीबीपी वेगळ्या पट्टीवर लावले, किडनीच्या गाठींसाठी हे दोन बरे असं आधीच तपासून छापलेलं आहे, आणि मग कुठे चित्र जागेवर आलं. किडनीच्या नावाने प्लेट विकताय तर किडनीला चालणारा रेफरन्स जीन द्या की राव. एवढं साधं.

दुसरी तक्रार जरा खोल आहे आणि माझ्या मते महत्त्वाची. ८८ पैकी बऱ्याच वेल चुकीच्या पातळीवर मोजतात. चुकीचं मोजतात असं नाही, मोजमाप बरोबरच आहे, पण जिथे गोष्ट घडतच नाही तिथे मोजतात. एचआयएफ-१ अल्फाच घ्या. त्याचा आरएनए पेशीत कायम असतो, प्रोटीनही सतत बनत असतो, पण ऑक्सिजन असला की त्या प्रोटीनवर एक खूण उमटते, व्हीएचएल नावाचा दुसरा प्रोटीन ती खूण ओळखून त्याला पकडतो आणि कचऱ्यात पाठवतो, हे इतकं झटपट की काही मिनिटांत सगळं साफ. ऑक्सिजन कमी झाला की खूण उमटत नाही, प्रोटीन साठतो आणि पुढचे जीन्स चालू करतो. या यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना मिळालं. तर सगळा खेळ प्रोटीनच्या साठण्याचा आणि प्लेटवर मोजताय त्याचा आरएनए! तो वर गेला काय खाली गेला काय, ऑक्सिजनबद्दल फारसं कळत नाही. प्रोटीनच्या घड्यांच्या संकटात जागा होणाऱ्या एटीएफ४ चंही तेच, त्याचं मुख्य नियंत्रण आरएनएवरून प्रोटीन बनताना होतं. एक्सबीपी१ ची तर गंमतच, प्रोटीनच्या घड्या बिघडल्या की त्याच्या आरएनएमधून बरोबर २६ अक्षरांचा तुकडा कापला जातो आणि मग तो कामाला लागतो, म्हणजे कापलेला किती हे मोजायला हवं, आणि प्लेटवरचा प्रायमर कापलेला न कापलेला सगळा एकत्रच मोजतो. हजेरीपटावर सगळे हजर, कामावर कोण ते माहीत नाही.

मग बघायचं काय? तर साहेब, म्हणजे बाकीचे जीन्स चालू करणारे, काय करतायत ते साहेबांना विचारून कळत नाही, हाताखालचे लोक, म्हणजे त्यांनी चालू केलेले जीन्स, काय करतायत ते बघावं लागतं. एचआयएफची वेल सोडून द्या, सीए९, व्हीईजीएफए, एसएलसी२ए१ बघा. एटीएफ४ सोडा, डीडीआयटी३ आणि ट्रिब३ बघा. आतून गंजण्यासाठी एनआरएफ२ सोडा, एनक्यूओ१ बघा. डीएनएच्या इजेसाठी पी५३ सोडा, सीडीकेएन१ए बघा. ही जोड लागली तर प्लेट खरंच बोलायला लागते. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्लेटच्या नकाशावर पेनाने दोन रंग करा, साहेब एका रंगात, हाताखालचे दुसऱ्या. मला हे कळायला चार प्लेट्स गेल्या.

आता सीए९. या एका वेलसाठी मी प्लेटला पूर्ण मार्क देईन आणि याच वेलमुळे प्लेटची गरज काय असाही प्रश्न पडतो. नॉर्मल किडनीत सीए९ जवळजवळ नसतोच, सीटी तिशीच्या पुढे रेंगाळतो, आणि क्लिअर सेल गाठीत तो धाडकन वर येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मी पिपेटिंगमध्ये काहीतरी गोंधळ घातला, इतका फरक. प्रिंट घेऊन पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे धावत गेले. मॅडमनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हे मी स्लाइडवर बघते रोज. ये, बस." मायक्रोस्कोपखाली त्यांनी सीए९ प्रोटीनचा स्टेन, म्हणजे तो जिथे आहे तिथे बसणारा रंग, दाखवला, क्लिअर सेलमध्ये प्रत्येक पेशीच्या चारी बाजूंनी तपकिरी चौकट, जशी वहीच्या चौकोनांना पेनाने गिरवावं तशी. मग दुसरी स्लाइड लावली, क्लिअर सेल पॅपिलरी नावाची वेगळी, बरीच सौम्य गाठ, तिथे रंग तीनच बाजूंनी, वरची बाजू मोकळी, कपासारखी. "आता हे तुझ्या आकड्यात दिसेल का?" नाही दिसणार. आकडा दोन्हीकडे वाढलेलाच येईल, कारण गाठ दळून तिचा आरएनए काढला की पेशीची वरची बाजू खालची बाजू सगळं गेलं. मी तिथेच गप्प झाले.

आणि अजून एक, सीए९ ला ब्रोशरमध्ये 'ऑक्सिजन कमतरतेचा मार्कर' म्हटलंय. दुसऱ्या बऱ्याच कॅन्सरमध्ये ते ठीक आहे. पण क्लिअर सेलमध्ये व्हीएचएल जीनच मोडलेला असतो, हा जीन १९९३ मध्ये सापडला, तिसऱ्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूवर आहे आणि ती बाजूच या गाठींपैकी बहुतेकांमध्ये गळून गेलेली असते. व्हीएचएल नाही म्हणजे एचआयएफला कचऱ्यात टाकणारं कोणी नाही, म्हणजे ऑक्सिजन भरपूर असला तरी पेशी ओरडतेय की मी गुदमरतेय. खोटी घुसमट. तर इथे सीए९ गुदमरणं मोजत नाही, अलार्म अडकलाय एवढं सांगतो. आता जवळपास प्रत्येक गाठीत अलार्म अडकलेलाच असेल तर कोणाची गाठ जास्त वाईट हे त्यावरून कसं कळणार? सुरुवातीला लोकांनी खूप आशा ठेवली होती की सीए९ कमी असेल तर पेशंटचं पुढचं वाईट, पण मोठ्या संख्येने पेशंट तपासले तेव्हा स्टेज (गाठ किती पसरलीय) आणि ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात) धरल्यावर त्याचं वेगळं असं वजन टिकलं नाही. निदानाला उपयोगी, भविष्य सांगायला नाही. हा फरक ब्रोशर लिहिणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

त्यातल्या त्यात या यंत्रणेने दिलेली खरी मोठी गोष्ट म्हणजे औषध. एचआयएफ-२ ला थेट अडवणारं बेल्झुटिफान २०२१ मध्ये अमेरिकेत व्हीएचएल जीनच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटसाठी मंजूर झालं आणि २०२३ मध्ये पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठीही. म्हणजे स्ट्रेस जीन्सचा अभ्यास वाया जातो असं माझं म्हणणं अजिबात नाही. प्लेटवर एचआयएफ-२ अल्फाची, म्हणजे ईपीएएस१ ची वेल आहे, पण वर सांगितलं तेच, तो साहेब आहे.

आता सॅम्पलच्या वेळेचं. हे कंपनी सांगत नाही, सेल्सचा माणूस सांगत नाही, आणि माझं अर्धं वर्ष यात गेलं. आमच्या पहिल्या सहा जोड्यांमध्ये (एकाच पेशंटची गाठ आणि शेजारचा नॉर्मल भाग) विचित्र चित्र येत होतं. फॉस, जून (महिना नाही हो, जीनचं नाव आहे), ईजीआर१ आणि हीट शॉक ७० हे नॉर्मल किडनीत आभाळाला टेकलेले आणि गाठीत कमी. आमच्या लॅबचे सर म्हणाले, "कॅन्सरने स्ट्रेस दाबलाय, लिहून टाक." मी लिहायला बसलेसुद्धा. पण एक जोडी उलटी होती, तिच्यात दोन्ही भाग खाली. मग मी ओटीच्या नोंदी मागवल्या, रेसिडेंट बिचारा चांगला होता, त्याने बर्फाच्या डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहायची सवय ठेवली होती. त्या उलट्या जोडीत किडनीची धमनी बंद केल्यापासून तुकडा गोठवायला द्रव नायट्रोजनमध्ये टाकेपर्यंत जेमतेम काही मिनिटं गेली होती. बाकीच्या जोड्यांत तास-तास. कारण काय, तर किडनी बाहेर आली, ट्रेमध्ये ठेवली, फोटो काढले, कोणीतरी माप घेतलं, कोणीतरी फोनवर बोलत राहिलं, आणि तेवढ्या वेळात ते मांस कोमट, रक्त बंद, आणि पेशी अजून जिवंत. जिवंत पेशी काय करणार, ओरडणार. फॉस आणि ईजीआर१ हे जीन्स काही मिनिटांत चालू होतात आणि अर्ध्या-एक तासात शिखर गाठतात. आम्ही कॅन्सरचा स्ट्रेस मोजत नव्हतो, ट्रेमधला स्ट्रेस मोजत होतो. नॉर्मल किडनीची पेशी तर ऑक्सिजनच्या बाबतीत फारच नाजूक, म्हणून ती जास्त ओरडली. गाठीच्या पेशीला गुदमरायची सवय, ती कमी ओरडली. आणि याचं आम्ही "कॅन्सरने स्ट्रेस दाबलाय" करून छापायला निघालो होतो!

त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये चिकटपट्ट्यांचे फोटो घेऊन गेले. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं झालं पाठवलं नव्हतं." एवढंच.

त्यातच भर म्हणजे 'नॉर्मल' कुठून कापलं. किडनीचा बाहेरचा भाग आणि आतला भाग यात दिवस-रात्रीचा फरक आहे, बाहेर ऑक्सिजनचा दाब ५० मिलिमीटरच्या आसपास आणि आत खोलात १० ते २०, तेही तब्येत ठणठणीत असलेल्या माणसात. म्हणजे आतला भाग रोजच अर्धा गुदमरलेला. क्लिअर सेल गाठ बाहेरच्या भागातल्या नळीच्या पेशींपासून निघते, तेव्हा तुलना बाहेरच्या भागाशीच करायला हवी, पण ओटीत घाईत जो तुकडा मिळाला तो मिळाला. आम्ही दोन नमुन्यांत चक्क आतला भाग घेतला होता, नंतर स्लाइड बघून मॅडमनीच पकडलं. एचएमओएक्स१ ची वेलसुद्धा अशीच फसवते, तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा जीन म्हणून लावलाय, पण गाठीतल्या मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये तो भरपूर असतो, तर वाढला म्हणजे कॅन्सरची पेशी गंजतेय का मॅक्रोफेज जास्त आलेत, प्लेट सांगू शकत नाही. गाठ दळली की सगळं एकच पीठ.

पॅपिलरी प्रकारात मात्र प्लेट जरा खुलते. पूर्वी याच प्रकारात धरल्या जाणाऱ्या काही गाठींमध्ये, ज्यात फ्युमरेट हायड्रेटेज एन्झाइम मोडलेलं असतं, फ्युमरेट साठतं, ते केईएपी१ ला चिकटून बसतं, आणि केईएपी१ ज्याला बांधून ठेवतो तो एनआरएफ२ मोकाट सुटतो. एनक्यूओ१ मग असा वर येतो की बघत राहावं. आमच्याकडे असा एकच नमुना आला, पण त्या प्लेटवरचं चित्र इतकं स्वच्छ होतं की मी तो प्रिंट अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

एक्सेल शीटबद्दल बोलायलाच हवं. डेटा टाकला की ती आपोआप लाल-हिरवं करते, दुपटीच्या वर गेला की लाल, आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली की ठळक. ८८ जीन्स, प्रत्येकाला वीसातून एकदा चुकायची मुभा, म्हणजे काहीही बदल नसताना सुद्धा चार-साडेचार जीन्स ठळक येणारच, हे कोणी सांगत नाही. अनेक चाचण्यांसाठी पी व्हॅल्यू दुरुस्त करायची पद्धत १९९५ पासून सगळ्यांना माहितीय, शीटमध्ये एक कॉलम वाढवायला काय जातं? मी सपोर्टला फोन केला तर पलीकडचा माणूस गोड बोलला, म्हणाला मॅडम तुम्ही फिल्टर थोडा कडक करा. कडक म्हणजे किती? तर म्हणे तुमच्या सोयीने. सोयीने!

आता मूळ मुद्दा, बायोमार्कर. लोकांना वाटतं की जीन वाढला आणि पेशंट लवकर गेला असं दिसलं की झाला मार्कर. किडनीच्या कॅन्सरमध्ये हे फारच सोपं आहे, आणि तिथेच मेख आहे. द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास नावाच्या प्रकल्पाने २०१३ मध्ये ४०० च्या वर क्लिअर सेल गाठींचा डेटा मोकळा केला, तेव्हापासून कोणीही घरी बसून स्ट्रेस जीन्सची यादी घ्यायची, त्यातले पाच-सात निवडायचे, पेशंटचे दोन गट करायचे आणि कोणता गट किती जगला त्याच्या दोन रेषा फाकलेल्या दाखवायच्या. ऑक्सिजनचे जीन्स घेतले तरी फाकतात, प्रोटीनच्या घड्यांचे घेतले तरी फाकतात. ह्युमन प्रोटीन अ‍ॅटलास या दुसऱ्या प्रकल्पाने सगळे जीन्स तपासले तेव्हा किडनी कॅन्सर अशा जीन्सच्या संख्येत अगदी पुढे निघाला, हजारोंनी जीन्स पेशंटच्या आयुष्याशी जोडलेले दिसले. हजारो! म्हणजे डोळे मिटून मूठभर जीन्स उचलले तरी काहीतरी हाताला लागणार. मग माझ्या ८८ मधले वीस लागले तर त्यात माझं किंवा प्लेटचं कौतुक काय. कारण सरळ आहे, वाढलेल्या गाठीत सगळंच बिघडलेलं असतं, आणि गाठ वाढलीय हे डॉक्टरला तुमच्या प्लेटशिवायही दिसतंय.

म्हणून खरी परीक्षा अशी की जे आधीच कळतंय त्याच्या पुढे तुम्ही काय सांगता. कॅन्सर पुढे पसरेल का याचा अंदाज देणारा लेबोविच स्कोअर २००३ पासून आहे, गाठीची स्टेज, लिम्फ नोड, आकार १० सेंटिमीटरच्या वर का खाली, ग्रेड आणि गाठीत मेलेला भाग आहे का, एवढं पॅथॉलॉजिस्ट स्लाइड आणि फूटपट्टीवर काढतो, आणि आजही तो मोडायला अवघड आहे. २०१५ मध्ये १६ जीन्सची एक चाचणी आली, ११ कॅन्सरचे आणि ५ रेफरन्स, ती स्टेज धरूनही काहीतरी जास्तीचं सांगते असं मोठ्या संख्येने पेशंट घेऊन दाखवलं, तेव्हा रेफरन्स जीन्स कसे निवडावेत हे त्यांच्याकडून शिकावं. तरीसुद्धा युरोपच्या युरॉलॉजीवाल्यांच्या गाइडलाइन्स रोजच्या वापरात असे मॉलिक्युलर मार्कर लावा असं म्हणत नाहीत. आणि २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं ते तर सगळ्यांनी भिंतीवर लावावं, एकाच किडनीच्या गाठीतून वेगवेगळ्या जागचे तुकडे घेतले तर एका तुकड्यात चांगल्या भविष्याचे जीन्स आणि दुसऱ्यात वाईट भविष्याचे, गाठ तीच, माणूस तोच. आम्हीही हौसेने एका मोठ्या गाठीचे तीन तुकडे तीन प्लेट्सवर लावले. व्हीईजीएफए तिन्हीकडे वर, ठीक. डीडीआयटी३ एका तुकड्यात वर, दुसऱ्यात साधारण, तिसऱ्यात, जो मेलेल्या भागाला लागून होता, एकदम वर. कोणता आकडा पेशंटच्या फाइलला लावायचा होता मग?

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की किडनीच्या पेशीच्या त्रासाचा जो मार्कर खरंच पुढे गेलाय तो या प्लेटवर नाहीच. केआयएम-१, जीनचं नाव एचएव्हीसीआर१. नळीच्या पेशीला इजा झाली की तो पेशीच्या पृष्ठभागावर येतो, त्याचा बाहेरचा भाग तुटून लघवीत आणि रक्तात जातो, म्हणजे गाठ कापायची गरजच नाही. युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात लोकांचं रक्त वर्षानुवर्षं आधीच साठवून ठेवलेलं होतं, २०१८ मध्ये दाखवलं की निदान व्हायच्या पाच वर्षं आधीपर्यंतच्या रक्तातसुद्धा, ज्यांना पुढे किडनीचा कॅन्सर झाला त्यांच्यात केआयएम-१ जास्त होता. त्यालाही अडचणी आहेत, किडनीला दुसऱ्या कशानेही मार बसला तरी तो वाढतो, तेव्हा एकट्याच्या जिवावर कोणाला कॅन्सर आहे म्हणता येत नाही. पण मार्कर म्हणायचं तर निदान या रांगेत उभं राहायला हवं, ट्रेमधल्या फॉसने नाही.

दोन-तीन जणांनी मला पर्सनली विचारलं की आमच्या नातेवाइकाचं किडनीचं ऑपरेशन झालंय, ही टेस्ट करून घ्यावी का. नाही. ही पेशंटसाठी नाहीच. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला प्रकार, स्टेज, ग्रेड आणि मेलेल्या भागाबद्दल विचारा, त्यात प्लेटपेक्षा कितीतरी जास्त कळेल. कोणी लॅबवाला स्ट्रेस जीनचा रिपोर्ट काढून देतो म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की या आकड्यावरून उपचारात काय बदलणार, आणि तो काय बोलतो ते ऐका.

रिसर्चवाल्यांसाठी माझे मार्क: प्रायमरला पाचपैकी पाच, कंट्रोल्सला चार, जीन्सच्या निवडीला अडीच, एक्सेल शीटला एक, आणि तो एकही रंग छान आहेत म्हणून. परत घेणार का, तर हो, पण सेल लाइनच्या, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींच्या कामासाठी, जिथे ऑक्सिजन मी कमी करते, घड्याळ माझ्या हातात असतं आणि ओटीतला ट्रे आड येत नाही. तिथे ही प्लेट सोन्यासारखी चालते.

फ्रीझरमध्ये अजून चार शिल्लक आहेत, एक्सपायरी जवळ आलीय. सरांना पटवलंय, कमिटीची परवानगीही आलीय, पुढच्या नेफ्रेक्टोमीला (किडनी काढायच्या ऑपरेशनला) मी स्वतः स्टॉपवॉच घेऊन बाहेर उभी राहणारे, एकाच किडनीच्या बाहेरच्या भागाचे चार तुकडे, लगेच, पंधरा मिनिटांनी, तीस मिनिटांनी आणि एका तासाने, चारही प्लेट्स त्यातच संपवायच्या. रेसिडेंटने चिकटपट्टीचा नवीन रोल आणून ठेवलाय.